मिरजेत कॅनन पी : नऊ महिने वापरल्यानंतर

माझ्या चुलतबहिणीच्या मुलीच्या बारशात मी लेन्सवरचं झाकण न काढता सात फोटो काढले. पाळणा, आत्या बाळाच्या कानात नाव सांगतेय, मागून बायका तिच्या पाठीत धपाटे घालतायत, सगळं मला खिडकीतून लख्ख दिसत होतं. कॅनन पी हा रेंजफाइंडर जातीचा, रोलचा कॅमेरा, आणि रेंजफाइंडरमध्ये आपण लेन्समधून बघतच नाही. बघायची खिडकी वेगळी आणि फोटो निघतो ती वाट वेगळी. त्यामुळे झाकण राहिलं तर कॅमेरा कुरकुर करत नाही, बटन दाबलं जातं, आवाजही नेहमीसारखाच येतो. आठवड्याने रोल धुतला तेव्हा सात चौकटी कोऱ्या काचेसारख्या. बहीण अजून अधूनमधून ऐकवते.

तरीही हा कॅमेरा मी विकणार नाही. का, ते सांगायला हा प्रपंच.

मावसभाऊ टोकियोत नोकरीला आहे. दिवाळीला येताना काय आणू म्हणाला, तर मी जुना रोलचा कॅमेरा सांगितला. त्याने दुकानातूनच व्हिडिओ कॉल लावला. वरच्या कप्प्यात लायका एम ३ हा नावाजलेला जर्मन रेंजफाइंडर होता, त्याची किंमत ऐकून दोघंही क्षणभर गप्प झालो. मग खालच्या कप्प्याकडे वळलो आणि तिथे हा कॅनन पी सापडला, सोबत ५० मिमी एफ १.८ लेन्स (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड मोठं उघडतं आणि उजेड जास्त येतो). १९५९ साली बाजारात आलेलं मॉडेल. नावातला ‘पी’ म्हणजे पोप्युलेअर, चारचौघांना परवडावा असा. गंमत म्हणजे निकॉन एफ आला तोही १९५९ मध्येच, आणि त्यानंतर वर्तमानपत्रवाले बघता बघता एसएलआरकडे, म्हणजे आरशाच्या मदतीने लेन्समधूनच बघायच्या कॅमेऱ्याकडे, गेले. म्हणजे माझा कॅमेरा जन्मला तेव्हाच त्याच्या घराण्याचे दिवस भरत आले होते.

जाता जाता एक. या कंपनीचा १९३४ चा पहिला नमुना होता ‘क्वानॉन’. जपान्यांची करुणेची देवता कानॉन, तिच्यावरून. ही कानॉन म्हणजे आपला अवलोकितेश्वर. अजिंठ्याच्या एक नंबरच्या लेण्यात हातात कमळ घेऊन उभा असलेला पद्मपाणी, तोच. त्या नमुन्याच्या लेन्सचं नावही बुद्धाच्या शिष्यावरून ठेवलं होतं, काश्यप. हे कळल्यापासून कॅमेरा जरा घरचा वाटायला लागला.

आता मुद्द्यावर. या कॅमेऱ्याची खरी मजा त्याच्या खिडकीत आहे.

कॅनन पीच्या खिडकीतून जग जसंच्या तसं दिसतं, ना लहान ना मोठं. त्यामुळे दोन्ही डोळे उघडे ठेवता येतात. पहिल्या दिवशी चक्कर आल्यासारखं झालं, पण चार दिवसांत डोळे सरावले. मग असं वाटायला लागलं, की कॅमेरा मध्ये नाहीच, समोरच्या रस्त्यावर कुणीतरी हवेत एक उजळ चौकट टांगून ठेवली आहे. चौकटी खरं तर तीन दिसतात, ३५, ५० आणि १०० मिमीच्या लेन्सना किती दिसेल ते दाखवणाऱ्या, तिन्ही एकदम आणि कायम. सुरुवातीला ही गर्दी वाटते. पण मी पन्नासची चौकट वापरतो आणि तिच्या बाहेर काय चाललंय तेही दिसत राहतं. डावीकडून सायकलवाला येतोय, अजून चौकटीत शिरलेला नाही, शिरेल. त्याची वाट बघता येते. एसएलआरमध्ये किंवा फोनवर चौकटीबाहेर काहीच नसतं, माणूस एकदम टपकतो.

आणि फोकस. खिडकीच्या मधोमध एक फिकट चौकोन आहे. त्यात दोन चित्रं एकावर एक दिसतात, जरा सरकलेली. नशेत माणसाला दोन चंद्र दिसतात म्हणतात, तसं. लेन्स फिरवली की दुसरं चित्र सरकत सरकत पहिल्यावर येऊन बसतं. बसलं की फोकस झाला. आतलं गणित शाळेतल्या त्रिकोणाचं आहे. कॅमेऱ्यावर समोर दोन खिडक्या, त्यांच्यात ४१ मिलिमीटरचं अंतर. हा त्रिकोणाचा पाया. लेन्स पुढेमागे झाली की आतला एक दांडा ढकलला जातो, तसं एका खिडकीतून येणारं चित्र सरकतं. दोन्ही चित्रं जुळली म्हणजे अंतर बरोबर. एम ३ मध्ये हाच पाया ६८.५ मिलिमीटरचा आहे, म्हणून तो जास्त काटेकोर. पण पन्नासच्या लेन्सला माझं ४१ मध्ये नीट भागतं.

लेन्सला खाली एक छोटा खटका आहे. अनंतावर, म्हणजे सगळ्यात लांबच्या फोकसवर, नेली की लेन्स तिथे अडकते, खटका दाबला की सुटते. आता बोटाला सवय अशी झालीय, की कॅमेरा डोळ्याला लावायच्या आत खटका सुटलेला असतो आणि लेन्स साधारण तीन मीटरवर आलेली असते. भर उजेडात एफ ८ ठेवलं, तर तीन मीटरवर लावलेल्या लेन्सला साधारण सव्वादोन ते चार मीटरपर्यंत सगळं नीट येतं. बाजारात तर मी तो चौकोन बघतही नाही.

सतारमेकर गल्लीत मात्र बघावाच लागतो. तिथल्या एका दुकानात मी महिन्यातून दोन-तीनदा जाऊन बसतो. माळ्यावरून भोपळे टांगलेले, खाली लाकडाचा भुसा, उजेड फक्त दारातून. दुकानातले चाचा तंबोऱ्याची जवारी काढत होते, म्हणजे घोडी घासून तारेचा झंकार जुळवत होते. घोडीवर, तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीवर, कानस दोनदा हलकी फिरवायची, तार छेडायची, मान तिरकी करून ऐकायचं, पुन्हा कानस. पुन्हा तार. चारशेचा रोल (हा आकडा जितका मोठा, तितक्या कमी उजेडात रोल चालतो), एफ २.८, शटर १/३० सेकंद. श्वास धरून मी चौकोनात तीच तार धरली होती. दोन तारा दिसत होत्या, लेन्स केसभर फिरवली की एक व्हायच्या. चाचांचं कानावर चाललं होतं आणि माझं डोळ्यावर, पण काम एकाच जातीचं वाटलं. त्यांनी मान तिरकी केली आणि मी बटन दाबलं.

‘बघू की,’ चाचा म्हणाले.

मी कॅमेऱ्याची पाठ दाखवली. नुसतं काळं चामडं.

‘दिसत नाही म्हंजे? मग काढला कशावरनं म्हणायचं?’

रोल धुतल्यावर आणून देतो म्हटलं. त्यांनी ‘बरं’ म्हणून परत कानस उचलली. डिजिटल कॅमेरा घेऊन याच दुकानात बसलो होतो तेव्हा दर फोटोनंतर सगळे माझ्या पाठीमागे जमायचे, कामं थांबायची. इथे दाखवायला काही नाही म्हटल्यावर दहा मिनिटांत मला सगळे विसरले. माझीही मान दर वेळी खाली जाऊन स्क्रीन बघायची ती बंद झाली. फोटो कसा आला हे कळत नाही म्हणून बघणं सुटत नाही.

कॅमेऱ्यात उजेड मोजायचं मीटर नसल्याची पहिले दोन महिने भीती होती. फोनवर ॲप घेतलं होतं, ते आता उघडत नाही. जुना हिशेब पुरतो. टळटळीत उन्हात एफ १६ आणि शटर रोलच्या आकड्याएवढं. चारशेच्या रोलला १/५०० धरायचं. ढग आले की एफ ८, आभाळ पूर्ण भरलं की ५.६. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये ऊन इतकं एकसारखं असतं, की सकाळी नऊला एकदा लावून ठेवलं की चारपर्यंत हात लावावा लागत नाही. ब्लॅक अँड व्हाइट रोल एखाद-दुसऱ्या स्टॉपची (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) चूक पोटात घालतो, विशेषतः उजेड जास्त झाला असेल तर.

रोल मी इलफर्डचा एचपी ५ प्लस वापरतो. हजाराच्या आसपास पडतो, वर कुरिअर. म्हणजे एका फोटोला अठ्ठावीस रुपये नुसते रोलचेच. स्वस्त शौक नाही हा, उगाच कुणाला चढवत नाही. एके काळी उटीला हिंदुस्तान फोटो फिल्म्स ‘इंदू’ नावाने आपलाच रोल बनवायची, ते सगळं बंद झालं. लहानपणी आमच्या घरी हॉट शॉट कॅमेरा होता. त्यातले शेवटचे चार फोटो वडील गणपतीसाठी राखून ठेवायचे आणि मग रोल कपाटात पाच महिने पडायचा. ती हिशेबी वृत्ती माझ्यात पुन्हा आली आहे. नऊ महिन्यांत २१ रोल, म्हणजे साडेसातशे फोटो. फोनवर एवढे मी एका लग्नात काढतो.

पहिला रोल एका लॅबमध्ये धुवायला टाकला होता. आडव्या ओरखड्यांसकट परत आला आणि कात्री नेमकी दोन फोटोंच्या मधून जायची ती एका फोटोच्या मधून गेली होती. तेव्हापासून न्हाणीघरात घरीच धुतो. काळ्या पिशवीत हात घालून रोल टँकमध्ये गुंडाळायचा, ते सोडलं तर कठीण काही नाही. डी-७६ हे चित्र उमटवणारं रसायन एकास एक पाणी घालून, २० अंशाला ११ मिनिटं. पण मिरजेत मे महिन्यात नळाचं पाणी ३० च्या वर असतं, २० आणायचं कुठून? प्लास्टिकच्या पिशवीत बर्फ बांधून बादलीत सोडतो, २४ वर आणतो आणि आठ मिनिटांच्या आसपास धुतो. मग चित्र पक्कं करणारा हायपो, मग भरपूर पाणी. आमच्या बोअरचं पाणी जड, वाळल्यावर फिल्मवर पांढरे डाग उमटायचे. शेवटचं पाणी आता बॅटरीचं वापरतो, गॅरेजवाल्याकडून आणलेलं. डाग गेले. न्हाणीघरात कपड्यांच्या चिमट्याला टांगलेली ओली फिल्म दिव्यासमोर धरली, की काळे दात आणि पांढरे केस असलेली माणसं दिसतात. त्यात चाचांची तिरकी मान पहिल्यांदा दिसली तो क्षण सोडून मला कुठलीही स्क्रीन नको.

आता तक्रारी, कारण त्याही आहेत.

मला चष्मा आहे. खिडकीची कड धातूची आहे, तिने माझ्या चष्म्याच्या काचेवर दोन महिन्यांत गोल ओरखडा काढला. आता कडेला रबराची पातळ रिंग चिकटवली आहे. चष्म्यातून ३५ ची चौकट तर पूर्ण दिसतच नाही, डोळा इकडेतिकडे फिरवावा लागतो. पस्तीसचीच लेन्स वापरणाऱ्या चष्मेवाल्याने हा घेऊ नये. समोरून ऊन आलं की मधला चौकोन फिका पडतो, चित्र हरवतं. लेन्स एक मीटरच्या आत फोकस होत नाही. जवारी काढणारी बोटं जवळून टिपायची म्हटलं तर विसरा.

शटरचा पडदा पोलादी आहे, पातळ पत्र्याचा. माझ्या कॅमेऱ्यात त्याला सुरकुत्या आहेत, कुणीतरी कधीतरी बोट लावलेलं असणार. हा या मॉडेलचा नेहमीचा रोग आहे. दिसायला वाईट दिसतं पण उजेड आत येत नाही, २१ रोलांत एकदाही आलेला नाही. उलट हा पत्रा आपल्या उन्हात बरा. बऱ्याच जुन्या रशियन रेंजफाइंडरांत आणि जुन्या लायकांत पडदा कापडी असतो. झाकण न लावता कॅमेरा उन्हाकडे तोंड करून ठेवला, तर भिंगातून कागद जाळावा तसं पडद्याला भोक पडतं. पत्र्याचा तोटा म्हणजे आवाज. रस्त्यावर चालून जातो, पण मिरासाहेब दर्ग्यातल्या संगीतसभेत गायकाने आलाप लावला असताना माझं ‘टक्’ पुढच्या दोन रांगांना ऐकू गेलं आणि एका आजोबांनी वळून असं बघितलं, की नंतरचा सगळा वेळ कॅमेरा मांडीवर झाकून बसलो.

लेन्समध्ये धुरकटपणा होता. या ५० एफ १.८ ला तो हमखास येतो, घेताना मागून टॉर्च मारून बघाच. कोल्हापुरातल्या एका जुन्या कारागिरांनी लेन्स उघडून पुसून दिली. रेंजफाइंडरही त्यांनीच जुळवला. आधी मोबाइल टॉवरवर धरला की अनंतालाही दोन टॉवर दिसायचे. आता एक. १/८ च्या खालचे वेग अजून आळशी आहेत, एका सेकंदाला दीड लागतो. ते काम पावसाळ्यानंतर.

पावसाळ्याचं वेगळं सांगायला हवं. काचेला बुरशी धरायला आपलं हे हवामान पुरेसं आहे आणि कपाटात बंद पडलेला कॅमेरा तिला सगळ्यात आवडतो. मी घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवतो, पुड्यांचा रंग बदलला की तव्यावर गरम करून परत. चामड्याच्या केसमध्ये ठेवू नका, चामडं ओल धरतं.

आणखी एक सवय लावून घ्या. रोल घातल्यावर लिव्हर ओढताना डावीकडची रिवाइंडची खुंटी फिरतेय का बघा. माझा चौथा रोल ३६ ला संपेना, ३८, ४०, ४१... खूश होतो मी, कंपनीने जास्त दिलं म्हणून. रोल डबीतून बाहेर आलाच नव्हता.

चाचांना प्रिंट नेऊन दिली. आठ बाय दहा, मॅट. त्यांनी दारात उजेडाला धरून बराच वेळ बघितली. मला वाटलं चेहरा बघतायत. म्हणाले, ‘ही घोडी बघा, डावीकडं जरा उंच दिसतीय. म्हणून तो तंबोरा परत आला होता.’ आणि आत जाऊन मुलालाही दाखवली, घोडीच.

सध्या कॅमेऱ्यात बाविसावा रोल आहे, आकडा २३ वर. उरलेले तेरा गणपती विसर्जनाच्या स्वागत कमानींसाठी ठेवले आहेत. बायको म्हणते, दुसरा रोल घे की.