जेंकिन्स, जुना डेस्कटॉप आणि 'क्लॉबर': सात महिन्यांनंतर

पहिल्या महिन्यात या सर्व्हरचं कौतुक मी ऑफिसभर करत फिरलो. अडगळीतला डेस्कटॉप, त्यावर फुकटातलं जेंकिन्स (कोडवरून प्रोग्रॅम आपोआप बांधून तपासणारं सॉफ्टवेअर; एकेक बांधणी म्हणजे एक बिल्ड), कामं वाटून घेणारे तीन एजंट. क्लाउडवरच्या बिल्ड-मिनिटांचं बिल शून्य. सेटअप सगळ्यांना माहीत आहे, तो सोडतो.

मग मशिनं उबुंटू या ऑपरेटिंग सिस्टिमच्या १८.०४ वरून २२.०४ वर नेली. एका शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला, हिंजवडीतून निघायला बॅग भरलेली, आणि रिलीजचं बिल्ड फुटलं. लॉगमध्ये 'वुड क्लॉबर एग्झिस्टिंग टॅग', म्हणजे आधीचा टॅग चिरडला जाईल. टॅग म्हणजे गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) एखाद्या आवृत्तीला लावलेली नावाची चिठ्ठी. क्लॉबर! पुन्हा चालवलं, पास. पुन्हा, फेल. नऊला निघालो, वाकडपर्यंत रस्ता मोकळा मिळाला, तेवढीच कमाई.

दोन आठवडे जेंकिन्सला शिव्या घातल्या. फुकट घातल्या. आमचे जॉब मल्टीब्रांच (कोडच्या प्रत्येक शाखेचं वेगळं बिल्ड), आणि त्यात जेंकिन्स आपणहून टॅग आणतच नाही. व्हर्जन नंबरासाठी 'गिट फेच --टॅग्ज' ही टॅग ओढून आणणारी ओळ आमच्याच स्क्रिप्टमध्ये होती, मीच कधीतरी घातलेली. झालं असं, की एका सहकाऱ्यानं २.४.० चा टॅग लावला, दहा मिनिटांत बग सापडला, तर पठ्ठ्यानं टॅग उचलून पुढच्या कमिटवर (कोडमधल्या बदलाच्या पुढच्या नोंदीवर) ठेवला. दोन एजंटांकडे जुना टॅग आधीच पोचला होता, तिसऱ्यानं तो पाहिलाच नव्हता. म्हणून तिसऱ्यावर पास.

पण हे उद्योग आम्ही वर्षानुवर्षं करत आलोय! मग आत्ताच का? १८.०४ सोबत गिट २.१७ येतं, आणि ते फेच करताना हललेला टॅग मुकाट बदलून घ्यायचं. डिसेंबर २०१८ च्या २.२० पासून, म्हणजे २२.०४ मधल्या गिटमध्येही, --फोर्स म्हटल्याशिवाय गिट जुन्या टॅगला हात लावत नाही.

--प्रून-टॅग्ज करून पाहिलं. उपयोग नाही, ते फक्त रिमोटवरून (सगळ्यांच्या सामाईक सर्व्हरवरून) उडालेले टॅग काढतं, हललेले नाही. वर्कस्पेस (एजंटाकडची प्रत) पुसून दर वेळी नवा क्लोन, म्हणजे सगळा कोड पुन्हा उतरवणं? आमची रेपो, म्हणजे कोडचा साठा, तीन जीबी. पंचवीस मिनिटं कोण बसणार? शेवटी स्क्रिप्टमध्ये --फोर्स घातलं. सगळं हिरवं.

इथपर्यंतचं चौथ्या महिन्यातच लिहून ठेवलं होतं, खाली 'पाच स्टार' टाकून. सहाव्या महिन्यात क्लायंटचा फोन: २.४.० मध्ये अमुक बग आहे. आम्ही म्हणतो, तो २.४.० मध्येच काढलाय! त्यांच्याकडे त्या पहिल्या दहा मिनिटांतलं २.४.० गेलं होतं. एक नंबर, दोन बिल्डं. तो क्लॉबर नेमकं हेच ओरडून सांगत होता, आणि मी त्याचं तोंड दाबलं होतं.

रिलीजच्या जॉबमधून --फोर्स काढलं, रिमोटवर टॅग प्रोटेक्ट केले. चुकलं तर नवा नंबर घ्यायचा. गिटचं मॅन्युअलही यालाच शहाणपणाचा मार्ग म्हणतं, टॅग हलवण्याला सरळ वेडेपणा. एक स्टार कापतोय, तो जेंकिन्सचा नाही, माझ्या स्क्रिप्टचा.

परवा एका दुपारीत २.६.०, २.६.१ आणि २.६.२ झाले. क्लायंट विचारतोय, मधलं २.६.१ कुठे गेलं?