जुन्या ऑटोमॅटिकचं तेल : मशीनने एकदम की मिस्त्रीकडे टप्प्याटप्प्याने?

‘गिअरबॉक्स सील्ड आहे, आयुष्यभर तेलाकडे बघायचं नाही’ हे वाक्य थंड देशात कदाचित चालत असेल. आपल्याकडे मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या आसपास, त्यात भरल्या गाडीने एसी लावून कन्नडचा घाट चढायचा. तेलाचं आयुष्य गाडीच्या आयुष्याएवढं राहत नाही. त्यामुळे तेल बदलायचं की नाही हा वाद मी इथे घालत नाही. प्रश्न फक्त कसं बदलायचं एवढाच. माझी गाडी २०१६ ची इनोव्हा क्रिस्टा ऑटोमॅटिक, पण तेल मोजायची काडी (डिपस्टिक) नसलेल्या बहुतेक टॉर्क कन्व्हर्टरवाल्या, म्हणजे क्लचऐवजी तेलातून इंजिनाची ताकद पुढे पोचवणाऱ्या गाड्यांना हे लागू पडेल.

मशीनची बाजू आधी. गिअरबॉक्सचं तेल थंड करणाऱ्या कूलरच्या पाइपला मशीन लावतात, एकीकडून जुनं निघतं, दुसरीकडून नवं जातं. दहा-बारा लिटर तेल जातं, पण कन्व्हर्टरमधलंसुद्धा जवळपास सगळं बदलतं आणि अर्ध्या दिवसात मोकळे. सेकंडहँड गाडी घेतली असेल आणि आधीच्या मालकाने आत कुठलं तेल ओतलंय याचा पत्ता नसेल, तर मीही कदाचित मशीनकडेच जाईन.

मिस्त्रीकडे चेंबरचा, म्हणजे गिअरबॉक्सखालच्या तेलाच्या भांड्याचा नट काढून एका वेळी जेमतेम चाळीस टक्के तेल निघतं. बाकीचं कन्व्हर्टरमध्ये आणि कूलरमध्ये अडकलेलं असतं. एकदा काढून भरलं की चाळीस टक्के नवं, दुसऱ्यांदा चौसष्ट, तिसऱ्यांदा अठ्ठ्याहत्तरच्या आसपास. मधे गाडी हजारेक किलोमीटर फिरवायची. शंभर टक्के कधीच होत नाही, हे खरं. पण एका खेपेला चेंबर उतरवून तेल गाळणारी जाळी धुता येते, लोखंडाचा कीस धरणारी चुंबकं पुसता येतात. मशीनवाले बहुधा चेंबरला हातही लावत नाहीत. एकूण तेल दोन्हीकडे जवळपास सारखंच लागतं, म्हणून खर्चावर मी निकाल लावला नाही.

माझा निकाल लागला लेव्हलवर, म्हणजे आत तेल नेमकं किती भरलंय त्यावर.

काडी नसलेल्या गिअरबॉक्सची लेव्हल बघायची म्हणजे गाडी सपाट उभी, इंजिन चालू, आणि खालचा लेव्हलचा बोल्ट काढायचा. तेल धारेने येतं, धार तुटून थेंब पडायला लागले की बोल्ट बंद. हे सगळं आतलं तेल साधारण ४० अंशांवर असताना. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तकात बघा. तेल त्याहून गरम असलं तर फुगलेलं असतं, जास्त वाहून जातं, आणि थंड झाल्यावर आत कमी भरतं.

आता मशीनचं गॅरेज हायवेवर. गाडी तिथे पोचते तीच तापलेली, आणि भर उन्हाळ्यात बाहेरची हवाच ४५ असेल तर तेल ४० वर उतरणार कधी? मी आधी मशीननेच तेल बदलून घेतलं होतं, तेव्हा मला तिथे सांगितलं गेलं, ‘जेवढं काढलं तेवढं भरलं साहेब, लेव्हल बघायची गरज नाही.’ फारच आग्रह धरला तेव्हा बोल्ट उघडला, तोही गरम गाडीवर. पुढे डिसेंबरच्या गारठ्यात पहाटे ‘डी’ टाकला की गाडी क्षणभर विचार करायची, मग झटका देऊन निघायची. दुसऱ्याच्या गाडीत कदाचित असं होणारही नाही, पण मला रोज सकाळी ते खुपायचं.

गावातला मिस्त्री वेगळा निघाला. गाडी बघितली आणि म्हणाला, “नाना, गाडी पहिले थंडी व्हऊ द्या, मंग देखसूत.” गाडी रात्रभर त्याच्या शेडमध्ये राहिली. सकाळी उन्हं यायच्या आत सुरू केली, छोटा स्कॅनर जोडून मोबाइलवर तेलाचं तापमान लावून ठेवलं. आकडा चाळिशीला आला तसा तो खाली सरकला. बरंच तेल भरावं लागलं, तेव्हा कुठे थेंब सुरू झाले. त्यानंतर पहाटेचा झटका आलेला नाही.

डिफरन्शियलला (मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या डब्याला) मशीनचा प्रश्नच नाही, ते मिस्त्रीचंच काम. फक्त एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल, आणि हे तेल एक नव्हे. इथे जीएल-५ दर्जाचं गिअर ऑइल, ग्रेड पुस्तकातला. आधी भरायचा वरचा नट सुटतोय का ते बघायचं, मगच खालचा उघडायचा. उलट केलं आणि वरचा जाम निघाला, तर गाडी तिथेच अडकली. खालच्या नटाच्या चुंबकावर काजळासारखा लेप असला तर चिंता नाही, बोटाला कण टोचले तर हाऊजिंग (डिफरन्शियलचं कवच) उघडावं लागेल. पावसाळ्यात नाल्याच्या पाण्यातून गाडी काढली असेल तर तेल दुधाळ झालंय का बघा, आणि ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारं बारीक तोंड) चिखलाने बुजलाय का तेही.

मशीनच करायचं ठरलं असेल, तर थंडीचे महिने निवडा, गाडी आदल्या संध्याकाळी त्यांच्याकडे लावून या आणि सकाळी स्कॅनरवरचा आकडा स्वतः बघा. ते याला तयार झाले, तर माझी निम्मी तक्रार मिटली.