‘ओरिजनल’ स्पेक्ट्रमच्या नावाखाली ३८,५०० रुपयांना टोपी

नागपुरात कुणी तुम्हाला ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस, ओरिजनल, चालू कंडिशन’ म्हणून ऐंशीच्या दशकातला घरगुती कॉम्प्युटर दाखवला, तर पैसे काढण्याआधी हे वाचा. माझे ३८,५०० रुपये गेले आहेत. ५,००० टोकन म्हणून यूपीआयने, ३१,५०० वस्तू घेताना रोख आणि वर गेमच्या सहा कॅसेटचे २,०००. पावती नाही. “जुन्या मालाची कसली पावती, भाऊ?” विकणारा म्हणाला, आणि जुन्या मालाच्या व्यवहारात पावती खरंच कुणी देत नाही.

डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने १९८८ मध्ये परवाना घेऊन भारतात आणलेला स्पेक्ट्रम तो हाच. आमच्या पिढीतले कितीतरी जण बेसिक ही प्रोग्रामिंगची भाषा यावरच शिकले, मीही त्यातलाच. त्यामुळे मला यातलं काही कळत नव्हतं, असं कुणी म्हणू नये.

सौदा सीताबर्डीतल्या एका भाड्याच्या गाळ्यात झाला. त्याने टेपरेकॉर्डर जोडला, लोडची आज्ञा दिली, प्लेचं बटण दाबलं आणि पापणी लवते न लवते तोच गेम पडद्यावर. ४८ के मेमरीचा गेम कॅसेटवरून चढायला पाचेक मिनिटं लागतात. आधी पडद्याच्या कडेला लाल-आकाशी पट्टे सरकतात, मग निळे-पिवळे, आणि सोबत तो कानात घुसणारा किर्र आवाज. यातलं काहीच झालं नाही. मी विचारलं. तो शांतपणे म्हणाला, “आत एसडी कार्डाचं इंटरफेस टाकलंय. आता कॅसेटची वाट कोण पाहते?” कार्डवरून झटक्यात गेम चढवणारे असे इंटरफेस असतात, चांगले चांगले लोक ते वापरतात. एचडीएमआय कसं, तर कन्व्हर्टर. ९ व्होल्टऐवजी ५ व्होल्टचा चार्जर का, तर रेग्युलेटर बदलला. प्रत्येक उत्तर पटण्यासारखं होतं. ज्याला माहिती आहे त्यालाच फसवायला रचलेली उत्तरं होती ती.

पण ते इंटरफेस मशीनच्या मागच्या उघड्या खाचेत बसतं, आणि त्या खाचेवर काळ्या प्लास्टिकची पट्टी चिकटवलेली होती. मी त्या पट्टीवरून बोट फिरवलं होतं. कडेला चिकट डिंक लागला बोटाला. ते बोट आठवलं की अजून रात्री झोप उडते.

रविवारी जुने वर्गमित्र बोलावले होते. मी कौतुकाने बीप १,० ही सूर वाजवायची आज्ञा टाइप केली. यातून मध्य सप्तकातली पांढरी एक वाजायला हवी. बायकोची पेटी शेजारीच होती, एकाने सहज सूर लावून पाहिला. जुळला काळी दोनशी! सगळे माझ्याकडे बघायला लागले. मग पॉज ३००० ही थांबायची आज्ञा देऊन घड्याळ लावलं. पॉज पडद्याच्या फ्रेम, म्हणजे एकामागून एक येणारी चित्रं, मोजतो आणि खऱ्या मशीनला सेकंदाला ५० फ्रेम असतात, म्हणजे ३००० ला एक मिनिट. आमचं ५० सेकंदांत संपलं. चार पाहुण्यांसमोर स्क्रू उघडले. खोका खरा, कीबोर्ड खरा, आणि आत मूळ बोर्डच्या जागी गरम गोंदाने चिकटवलेला दीड-दोन हजारांचा रास्पबेरी पाय, म्हणजे एका छोट्या बोर्डवरचा आजचा कॉम्प्युटर. मूळ झेड८० प्रोसेसर नाही, चित्र-आवाज सांभाळणारी यूएलए चिप नाही. मूळ बोर्ड काढून वेगळा विकला असणार.

कुणी म्हणेल, वेगवानच मिळालं की. तसं नाही हो. खऱ्या मशीनचा प्रोसेसर ३.५ मेगाहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ३५ लाख ठोक्यांवर चालतो, एका फ्रेमला ६९,८८८ ठोके. या माणसाने एम्युलेटर, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्राम, टीव्हीच्या ६० फ्रेमला बांधून टाकला, म्हणून सगळंच वीस टक्के पळतं. खेळ पळतो, सूर चढतो. आणि इतकं पळूनही कळ दाबल्यावर उडी उशिरा बसते, कारण फ्रेम तयार होऊन टीव्हीच्या प्रोसेसिंगमधून बाहेर पडेपर्यंत वेळ जातो. जुन्या ट्यूबच्या टीव्हीवर हा उशीर जाणवतच नाही. एम्युलेटरवर माझा राग नाही. नीट बनवलेले एम्युलेटर ठोका न ठोका मोजतात, फुकट मिळतात, मी स्वतः वापरतो. फुकटची गोष्ट ३८,५०० ला विकली, हा राग आहे.

आता तक्रारीचं ऐका. पोलीस ठाण्यात मशीन घेऊन गेलो. ड्युटीवरच्या साहेबांनी चालू करायला लावलं आणि म्हणाले, “चालून राहिलं ना? मंग फसवणूक कशाची?” सोन्याच्या भावात पितळ दिलं तर तेही चमकतंच ना साहेब, म्हटलं. “खेळण्यापायी एवढे पैसे टाकले?” हे वर ऐकावं लागलं, तेही भरल्या ठाण्यात. यूपीआय आहे तर सायबरकडे जा. सायबरवाले म्हणाले, माणूस समोर भेटला, बरीचशी रक्कम रोख, हे ठाण्याचं काम. बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकला. ग्राहक तक्रारीसाठी बिल मागतात. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचंच आहे, ते मी छापून नेलं, तर कागद न वाचता बाजूला सरकवला. अर्ज ठेवून घेतला, पोच दिली नाही. तुम्ही गेलात तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेतल्याशिवाय खुर्ची सोडू नका. अन् ऑनलाइन पैसे गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन लावा, माझ्यासारखं रविवारपर्यंत थांबू नका.

रोख देऊ नका. स्क्रू उघडू देत नसेल तर तिथूनच परत फिरा. खरा स्पेक्ट्रम अर्ध्या तासात मागच्या बाजूला चांगला गरम होतो, हात लावून बघा. एसडी कार्ड काढायला सांगा आणि कॅसेटवरूनच गेम चढवून दाखवा म्हणा, पाच मिनिटं लागली तर लागू द्या.

त्याची नवी जाहिरात आली आहे. मशीन दुसरं, मागे पट्टी तीच काळी, किंमत ४२,०००. फोन त्याच आवाजात उचलतो. जाणार असाल तर घड्याळ लावून पॉज ३००० मारायला सांगा, आणि ५० सेकंद आले तर त्या गाळ्यातूनच मला कळवा, मी निघतो.