आरशातला कॅमेरा की वेगवेगळे दोन?

गाडीतल्या आरशावर बसणारा डॅश कॅम, म्हणजे पुढचा रस्ता सतत रेकॉर्ड करणारा कॅमेरा, घेतला की मागचा रिव्हर्स कॅमेरा त्याच डब्यात येतो. पडदा एकच, पैसे कमी. बाबांच्या गाडीला आम्ही तोच लावला. पण मे महिन्यात अकोला-चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांवर जातो आणि उन्हात उभी गाडी आतून त्याहून तापते. दुसऱ्याच उन्हाळ्यात आतली लिथियम बॅटरी फुगली. आरशाची काच कडेनं इतकी उचलली की फटीत नख जात होतं. पडदा गेला, तसा मागचा कॅमेराही निकामी झाला.

म्हणून मी आता वेगवेगळेच घ्या म्हणतो. पुढे साधा १०८०पी डॅश कॅम, पण बॅटरीऐवजी सुपर कपॅसिटरवाला, म्हणजे थोडी वीज साठवणारा वेगळा भाग असलेला. सुपर कपॅसिटर उष्णता जास्त सोसतो. मेमरी कार्ड मात्र ‘हाय एन्ड्युरन्स’च हवं, साधं कार्ड सततच्या रेकॉर्डिंगनं लवकर मरतं. मागे आयपी६७, म्हणजे धूळ-पाणी आत न जाणारा कॅमेरा, रिव्हर्स लाइटच्या वायरीला जोडलेला. पडदा वेगळा लागतो, फिटिंगचे पैसे वाढतात, हे खरं. पण एक बिघडला तरी दुसरा चालू राहतो. अंगणात लेकरं खेळत असतात, गाडी मागे घेताना मला तेवढी खात्री पाहिजेच.