हुबेहूब आवाज शोधला नाही, म्हणूनच जमलं: क्वीन आणि अ‍ॅडम लॅम्बर्टचा लाइव्ह अल्बम

मुख्य गायक गेला की पुढे काय, हा प्रश्न खान्देशातल्या ऑर्केस्ट्रावाल्यांना नवा नाही. जळगाव, धुळे, भुसावळ, कुठेही विचारा, उत्तर ठरलेलं असतं. गेलेल्याच्या आवाजाशी जुळणारा पोरगा शोधायचा, बॅनरवर ‘व्हॉइस ऑफ’ अमुक छापायचं आणि त्याच पट्टीत, त्याच हरकती घेऊन गाऊन घ्यायचं. दोन-चार कार्यक्रम टाळ्या पडतात. मग लोक तुलना करायला लागतात आणि तुलनेत नक्कल हरतेच. ‘लाइव्ह अराउंड द वर्ल्ड’ या अल्बममध्ये क्वीन या ब्रिटिश रॉक बँडने नेमकी उलटी वाट धरली आहे. म्हणून रॉक आवडणाऱ्यांनी तर तो घ्यावाच, पण आपल्याकडच्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांनीही कान देऊन ऐकावा.

पार्श्वभूमी थोडक्यात. क्वीनचा मुख्य गायक फ्रेडी मर्क्युरी झांझिबारमध्ये पारशी घरात जन्मला, मूळ नाव फारुख बलसारा. शाळा आपल्या पाचगणीची, सेंट पीटर्स. तिथल्या पोरांनी काढलेल्या ‘हेक्टिक्स’ या बँडमध्ये तो पियानोवर असायचा. 24 नोव्हेंबर 1991 ला तो गेला. बेस वाजवणारा जॉन डीकन 1997 मध्ये निवृत्त झाला. उरले गिटारवर ब्रायन मे आणि ड्रमवर रॉजर टेलर. 2004 ते 2009 त्यांनी पॉल रॉजर्स या गायकाला सोबत घेतलं. रॉजर्सचा गळा जाड, ब्लूजमध्ये मुरलेला. दणकट गाणी त्याने उत्तम निभावली, पण क्वीनची नाटकी, वळणावळणाची गाणी त्या गळ्यात कधी नीट बसली नाहीत. अ‍ॅडम लॅम्बर्ट मे आणि टेलरबरोबर पहिल्यांदा गायला तो 2009 च्या ‘अमेरिकन आयडॉल’ या टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत, आणि 2012 पासून पूर्ण कार्यक्रम करू लागला. संगीत नाटकातून आलेला असल्यामुळे अभिनयासकट गाणं त्याला परकं नाही.

अल्बम 2 ऑक्टोबर 2020 चा. कोविडमुळे रंगमंच बंद होते, युरोपचा दौरा पुढे ढकलला गेला होता (तो शेवटी 2022 मध्ये झाला), तेव्हा आधीच्या कार्यक्रमांतून वेचून हा संग्रह बांधला. 2014 ते 2020 मधलं एकूण 20 तुकड्यांचं ध्वनिमुद्रण त्यात आहे: लंडन, जपान, लिस्बन, आइल ऑफ वाइट, डॅलस, न्यूयॉर्क, सिडनी.

खरी हुशारी गाण्यांच्या निवडीत आहे. ‘द शो मस्ट गो ऑन’ हे 1991 चं गाणं. फ्रेडी तेव्हा इतका आजारी होता की त्याने ते रंगमंचावर कधी गायलंच नाही. कार्यक्रमात ते पहिल्यांदा आलं 20 एप्रिल 1992 च्या श्रद्धांजली सोहळ्यात, एल्टन जॉनच्या आवाजात. ‘लव्ह किल्स’ आणि ‘आय वॉज बॉर्न टू लव्ह यू’ ही मुळात फ्रेडीची स्वतंत्र गाणी, अनुक्रमे 1984 आणि 1985 ची. क्वीनच्या कार्यक्रमात त्याने ती गायलेली नाहीत. म्हणजे या तीन जागी नव्या गायकासमोर जुनी मैफल उभीच राहत नाही. लोकांच्या कानात रेकॉर्ड आहे, पण ‘तेव्हा त्याने कसं रंगवलं होतं’ ही आठवण नाही. लॅम्बर्टला मोकळं मैदान मिळतं आणि त्याचं सगळ्यात चांगलं गाणं तिथेच ऐकू येतं. ‘द शो मस्ट गो ऑन’मध्ये तो वरच्या सुरावर जातो तेव्हा आवाज चिरकत नाही, फेकही कमी होत नाही. नवा गायक उभा करायचा असेल तर पहिली गाणी अशीच निवडावीत.

दुसरी गोष्ट, जी गाणी गेलेल्याच्या नावावर कायमची लिहिली गेली आहेत, त्यांना नव्याने हात लावायचा नाही. ‘लव्ह ऑफ माय लाइफ’ लॅम्बर्ट गातच नाही. लंडनच्या 2018 च्या कार्यक्रमात ब्रायन मे एकटा बारा तारांची गिटार घेऊन बसतो, गाणं श्रोते गातात आणि शेवटच्या भागात मागच्या पडद्यावर फ्रेडी येतो. ‘अंडर प्रेशर’ मुळात फ्रेडी आणि डेव्हिड बोवी यांनी मिळून गायलेलं; त्यातला बोवीचा भाग रॉजर टेलर ड्रमवरून गातो, लॅम्बर्ट फक्त दुसरा अर्धा सांभाळतो. जागा अशा वाटून दिल्यामुळे नव्या माणसावर सगळं ओझं पडत नाही, आणि गेलेल्याची रिकामी खुर्ची झाकायचा आटापिटाही कुठे दिसत नाही.

‘समबडी टू लव्ह’ मात्र त्याला पेलावंच लागतं. मूळ पट्टी ए फ्लॅट, आपली काळी चार, आणि चाल दादऱ्यासारखी झुलती. मूळ रेकॉर्डवर जो चर्चमधल्या वृंदगानासारखा आवाज येतो तो फक्त तीन गळ्यांचा आहे: फ्रेडी, ब्रायन, रॉजर, थरावर थर चढवलेले. मंचावर हे थर उभे करता येत नाहीत, म्हणून मुख्य गायकाला मधल्या जागा स्वतः भराव्या लागतात. आइल ऑफ वाइटच्या ध्वनिमुद्रणात लॅम्बर्ट त्या भरतो, पण शेवटाकडे ताना जरा जास्त होतात. शब्द सांडायला लागतो. अल्बममधली त्याची खटकणारी सवय हीच, एका सुरावर थांबायला हवं तिथेही तो नक्षी काढतो.

शेवटचे सात तुकडे सिडनीचे, 16 फेब्रुवारी 2020 चे, ऑस्ट्रेलियातल्या वणव्यांसाठी केलेल्या मदत कार्यक्रमातले. 13 जुलै 1985 ला ‘लाइव्ह एड’ या मदतनिधीच्या कार्यक्रमात क्वीनने जी गाणी ज्या क्रमाने घेतली होती, तीच इथे त्याच क्रमाने आहेत. ‘बोहेमियन रॅप्सडी’चा पियानोवरचा संथ भाग (बी फ्लॅट, म्हणजे काळी पाच), मधला ऑपेरासारखा वृंदगानाचा भाग पूर्ण गाळलेला, आणि तिथून थेट ‘रेडिओ गागा’. तेव्हाही असंच केलं होतं, कारण ऑपेराचा भाग मंचावर जिवंत वाजवता येत नाही. पूर्ण कार्यक्रमातही तो टेपवरूनच लावला जातो. श्रोत्यांकडून ‘ए-ओ’ म्हणवून घेण्याची जागा आली की पडद्यावर फ्रेडी येतो आणि लॅम्बर्ट बाजूला होतो. सीडीवर हा तुकडा नुसता आवाज म्हणून चमत्कारिक वाटतो, चित्रासोबत पाहिला तर अंगावर येतो.

‘वी विल रॉक यू’बद्दल वाजवणाऱ्यांसाठी थोडं सविस्तर, कारण आपल्याकडे लग्नात आणि कानबाईच्या मिरवणुकीतही हा ठेका कानावर पडतो आणि बहुतेक वेळा बिघडतो. पाय, पाय, टाळी, आणि चौथी जागा रिकामी. मूळ गती मिनिटाला साधारण 81 मात्रा. मूळ रेकॉर्डवर ड्रम नाही, बेस नाही, शेवटच्या गिटारपर्यंत फक्त पाय आणि टाळ्या. आपले ऑक्टोपॅडवाले ती चौथी जागा रोलने भरतात आणि गती शंभराच्या वर नेतात. मग लोकांना टाळी वाजवायला जागाच उरत नाही, गाणं नाचायचं होतं, पण सगळ्यांनी मिळून म्हणायचं राहत नाही. सिडनीच्या ध्वनिमुद्रणात रॉजर टेलर ती जागा कशी मोकळी सोडतो ते दोनदा ऐकलं तरी कळेल.

ब्रायन मेच्या गिटारचा आवाज इतर कुणासारखा का नाही, याचं कारण हातात आहे, अक्षरशः. गिटार त्याने आणि वडिलांनी 1963 पासून घरी बनवलेली. मान जुन्या शेकोटीच्या महोगनी लाकडाची, पट्ट्यांवरचे ठिपके आईच्या शिवणाच्या डब्यातल्या शिंपल्याच्या बटणांचे, आणि तार ढिली-घट्ट करणाऱ्या दांड्याखाली जुन्या मोटारसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा. प्लास्टिकच्या पिकऐवजी तो सहा पेन्सचं नाणं वापरतो. नाण्याची खाचदार कड तारेवर घासली की सुरुवातीला किंचित करकर येते आणि मग सूर फुटतो. चांगल्या हेडफोनवर ‘हू वाँट्स टू लिव्ह फॉरेव्हर’च्या गिटारमध्ये ती करकर शोधावी. साध्या मोबाइलच्या स्पीकरवर ती सापडणार नाही.

तक्रारी आहेत. लंडनचा बंदिस्त ओ-टू हॉल आणि आइल ऑफ वाइटचं उघडं मैदान यांचा घुमारा वेगळा. एका गाण्यातून दुसऱ्यात जाताना श्रोत्यांचा आवाज बदलतो, एक सलग मैफल ऐकल्याचं समाधान मिळत नाही. सिडनीचा भाग सलग आहे म्हणून तोच सगळ्यात बांधीव वाटतो. ‘फॅट बॉटम्ड गर्ल्स’मध्ये डॅलसच्या चीअरलीडर्स आहेत, त्या फक्त पाहण्यापुरत्या, ऐकताना तो तुकडा काढला तरी काही बिघडत नाही.

ऐकण्याची सोय नीट नसेल तर पैसे वाया जातील. आपल्याकडच्या स्लॅबच्या, टाइल्स घातलेल्या खोल्यांच्या भिंती उघड्याबोडक्या असतात, आवाज भिंतीवरून परत येतो. परीक्षा सोपी: ‘वी विल रॉक यू’ची टाळी तुटक ऐकू आली पाहिजे. टाळीला शेपूट येत असेल तर समोरच्या भिंतीवर जाड गोधडी किंवा सतरंजी टांगा आणि स्पीकर मागच्या भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे घ्या, कोपऱ्यात कोंबू नका. कोपऱ्यातला स्पीकर बास फुगवतो आणि ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’चा तो प्रसिद्ध बेस नुसता गुरगुरतो. होम थिएटरचा सबवूफर आपल्याकडे डीजेच्या सवयीने चढवलेला असतो. तो निम्म्यावर आणा, ‘मेगा बास’ आणि ‘सराउंड’ बंद करा. स्पीकरमधून सतत घूं आवाज येत असेल तर बहुधा अर्थिंगचा घोटाळा असतो. टीव्ही आणि अ‍ॅम्प्लिफायर एकाच बोर्डावरून चालवून बघा. तरीही थांबत नसेल तर वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. व्हिडिओ बघताना ब्लूटूथ टाळा, ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतो.

ऑर्केस्ट्रावाल्यांसाठी आणखी एक. नव्या गायकाचा गळा जुन्यापेक्षा अर्धा किंवा एक सूर खाली असेल तर पट्टी उतरवा, त्यात कमीपणा नाही. कीबोर्डवर ट्रान्सपोजचं बटण दाबलं की काम होतं, पण बँडमध्ये ट्रम्पेट आणि क्लॅरिनेट असतील तर त्यांना आठ-दहा दिवस आधी सांगा. अर्ध्या सुराने बदललेल्या पट्टीत त्यांची बोटं अडतात आणि मंचावर पहिलं गाणं तिथेच घसरतं. गिटारवाल्याच्या मोकळ्या तारा बदलतात. कॅपो (तारांवर आवळायचा चिमटा) नुसता लावला तर सूर चढतो, उतरत नाही; म्हणून त्याला तारा उतरवून लावाव्या लागतील किंवा आणखी खालच्या पट्टीचे कॉर्ड धरून कॅपो लावावा लागेल.

काय घ्यावं? अल्बम सीडी, सीडीसोबत डीव्हीडी, सीडीसोबत ब्लू-रे आणि एलपी अशा रूपांत निघाला. नुसती सीडी घेऊ नका. तेवढं तर स्ट्रीमिंगवरही ऐकता येतं. चित्राशिवाय ‘लव्ह ऑफ माय लाइफ’ आणि सिडनीचा भाग अर्धाच कळतो, म्हणून डीव्हीडी किंवा ब्लू-रे असलेला संच घ्या. बाहेरून मागवत असाल तर पाकिटावरचा रीजन कोड आधी बघा. भारतातल्या डीव्हीडी प्लेअरला 5 किंवा सगळीकडे चालणारा 0 लागतो. एलपी घ्यायची तर चांगली सुई असलेला टर्नटेबल आधी हवा, सूटकेससारख्या स्वस्त प्लेअरवर ती लावू नका. आणि पहिल्यांदा ऐकताना सुरुवातीपासून न लावता चौदाव्या तुकड्यापासून, म्हणजे सिडनीच्या भागापासून, शेवटपर्यंत ऐका, मग मागे या.