कंबरेला लावायचा पेडोमीटर : तीन महिन्यांच्या वापरानंतर

माझ्या आईचे वय 73 आहे. फिरायला जाताना ती मोबाइल नेत नाही आणि मनगटावर पट्टा बांधून घ्यायला तयार नाही, म्हणून बडोद्याच्या रावपुऱ्यातल्या एका दुकानातून कंबरेला अडकवायचा साधा पेडोमीटर, म्हणजे पावले मोजणारे यंत्र, 650 रुपयांना आणला. घर दांडिया बाजारात आणि फिरणे कमाटीबागेत, असा तिचा रोजचा क्रम आहे.

मोजणीच्या बाबतीत यंत्र चांगले आहे. बागेत मी तिच्याबरोबर तोंडाने 500 पावले मोजली, तेव्हा पडद्यावर 488 दिसली. मात्र सुरुवातीला आम्ही ते साडीच्या निऱ्यांवर अडकवत होतो; तिथे ते लोंबकळायचे आणि आकडा भलताच यायचा. परकराच्या नाडीला, उजव्या कुशीवर घट्ट लावल्यापासून तो प्रश्न मिटला. रिक्षातल्या धक्क्यांची पावले अजूनही मोजली जातात, त्यामुळे बागेच्या दरवाजाशी उतरल्यावर आकडा शून्यावर आणावा लागतो. काठी घेऊन अगदी सावकाश चालणाऱ्या माझ्या मावशीची मात्र निम्मी पावलेसुद्धा त्याने धरली नाहीत.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. 10,000 पावले झाली की पडद्यावर हसरा चेहरा उमटतो आणि हे उद्दिष्ट बदलण्याची सोयच नाही. पाच-साडेपाच हजार पावले चालून आलेली आई तो चेहरा दिसला नाही म्हणून हिरमुसायची, आणि एकदा तर रात्री दहा वाजता गुडघा दुखत असताना गच्चीवर फेऱ्या घालताना मला सापडली. हा दहा हजारांचा आकडा वैद्यकशास्त्रातून आलेलाच नाही. 1965 साली जपानमध्ये विकायला आलेल्या एका पेडोमीटरचे नाव ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचे मापक, असे होते आणि तेथून तो जगभर रूढ झाला.

हार्वर्डच्या आय-मिन ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2019 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सरासरी 72 वर्षे वयाच्या 16,741 स्त्रिया होत्या, आणि त्यांनीही मोजणीचे उपकरण कंबरेलाच लावले होते. दिवसाला सुमारे 2,700 पावले चालणाऱ्यांच्या तुलनेत 4,400 पावले चालणाऱ्यांमध्ये अभ्यासाच्या काळातील मृत्यूचे प्रमाण 41 टक्क्यांनी कमी आढळले आणि 7,500च्या आसपास हा लाभ वाढायचा थांबला. सिडनी विद्यापीठाच्या संशोधकांनी 2025 मध्ये 57 अभ्यास एकत्र तपासले, तेव्हाही 2,000च्या तुलनेत 7,000 पावलांना मृत्यूचा धोका 47 टक्क्यांनी कमी दिसला. असे अभ्यास निरीक्षणावर आधारलेले असतात. मुळात प्रकृती चांगली असलेली माणसेच जास्त चालतात, हेही त्यात मिसळलेले असू शकते. तरीही आईच्या साडेपाच हजारांना अपयश ठरवण्याचा अधिकार या यंत्राला मुळीच नाही, असे माझे ठाम मत आहे.

हे तिला आकड्यांसह वाचून दाखवले आणि चेहऱ्याच्या जागी कागदाची पट्टी चिकटवली. आता ती आकडा फक्त वहीत उतरवते आणि गुडघा दुखेल त्या दिवशी निर्धास्तपणे बाकावर बसते.

काठीशिवाय चालणाऱ्या ज्येष्ठांसाठी, विशेषतः मोबाइल न बाळगणाऱ्यांसाठी, हे यंत्र जरूर घ्यावे. मात्र उद्दिष्ट बदलता येते का, हे दुकानातच बटणे दाबून पाहावे, आणि शून्यावर आणायचे बटण आत दबलेले आहे ना, तेही तपासावे. आमचे वर आलेले असल्यामुळे पदराच्या घोळाने दोनदा दिवसभराची मोजणी पुसली गेली.