कैलास यात्रेच्या नावाखाली आमचे सहा पासपोर्ट अडकले

गेल्या आठवड्यात फोंड्याहून माझ्या एका जुन्या सहकारी शिक्षिकेचा फोन आला. म्हणाली, "अगं, आमच्या वाड्यावरचे आठ जण कैलासाला निघालोय. २०२६ हे तिबेटी पंचांगातलं अश्ववर्ष आहे ना, एका परिक्रमेला तेरा परिक्रमांचं पुण्य. आत्ता फक्त पंचवीस हजार भरून जागा धरायची आहे." मी तिथेच खाली बसले. आम्हाला फसवणाऱ्या एजंटाचे तेच शब्द, तोच आकडा. माणूसही तोच असावा, की त्याच्याकडून शिकलेला दुसरा कोणी, ते अजून कळलेलं नाही. आमची गोष्ट मी आजवर घरच्यांपुरती ठेवली होती. ती आता सगळी लिहिते.

मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातली. सरकारी मराठी शाळेत एकतीस वर्षं शिकवून निवृत्त झाले. २०२० पासून बंद असलेली कैलास मानसरोवर यात्रा पुन्हा सुरू होणार ही बातमी २०२५ च्या जानेवारीअखेर आली. महाशिवरात्रीला हरवळ्याच्या रुद्रेश्वराचं दर्शन घेऊन परतताना आम्ही सहा जणांनी ठरवलं, या वर्षी जायचंच. मी, माझी नणंद, मोठे भावजी, भजनी मंडळातलं एक जोडपं आणि शेजारचे काका. भावजींची ही इच्छा तीस वर्षांची. दुसऱ्या दिवसापासून ते पहाटे मये तळ्याला फेऱ्या मारू लागले.

तो एजंट आमच्याकडे परका म्हणून आला नाही, हे आधी सांगते. भजनी मंडळातल्याच एकांनी त्याला आणला. त्याने पूर्वी आमच्या भागातल्या लोकांना काशीला आणि पंढरपूरला नेऊन नीट परत आणलं होतं. ओसरीवर बसून चहा घेतला, कोंकणीत बोलला, जाताना "देव बरें करूं" म्हणून वाकला. कैलासाबद्दल तो जे बोलला ते शब्दन् शब्द खरं होतं. परिक्रमा ५२ किलोमीटरची, तिबेटमधल्या दारचेनहून सुरू होते, साधारण तीन दिवस लागतात. दुसऱ्या दिवशीची डोल्मा ला खिंड ५,६०० मीटरच्या वर. आपल्या गोव्यातला सर्वांत उंच सोंसोगड साडेअकराशे मीटरच्या आसपास, म्हणजे ती खिंड त्याच्या जवळजवळ पाचपट. पर्वतावर कोणी चढत नाही, फक्त प्रदक्षिणा. हिंदू, बौद्ध, जैन आणि तिबेटचे बोन पंथीय असे चौघेही त्याला पवित्र मानतात आणि बोनवाले उलट्या दिशेने फिरतात. एवढं ठाऊक असलेला माणूस खोटा कसा असेल, असं आम्हाला वाटलं. डोंगराविषयी तो खोटं बोललाच नाही. खोटी होती ती फक्त एक गोष्ट: आम्हाला तिथे न्यायचा अधिकार त्याच्याकडे आहे, ही.

त्याचं म्हणणं असं, की सरकारी तुकडीत काही जागा 'एजन्सी कोट्या'च्या असतात आणि त्यातल्या सहा तो आमच्यासाठी धरेल. मार्चमध्ये माणशी पंचवीस हजार दिले. एप्रिलअखेर लाखभर रुपये आणि मूळ पासपोर्ट. त्या वेळी त्याने आणखी एक बजावलं: "बाई, तुम्ही वेबसाइटवर वेगळा अर्ज करू नका. दोन अर्ज दिसले तर दोन्ही बाद होतात." आम्ही केला नाही.

हा कोटा अस्तित्वातच नाही. सरकारी यात्रा परराष्ट्र मंत्रालय काढतं. केएमवाय डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावर ज्याचा त्याने अर्ज करायचा असतो आणि नावं संगणकाच्या सोडतीतून निघतात. २०२५ मध्ये अर्जाची मुदत १३ मेपर्यंत होती. सोडत २१ मे रोजी झाली. साडेपाच हजारांवर अर्ज आले आणि जागा फक्त ७५०: उत्तराखंडातल्या लिपुलेख खिंडीच्या वाटेने पन्नास-पन्नासच्या पाच तुकड्या, सिक्कीममधल्या नथु ला खिंडीच्या वाटेने दहा. त्या वर्षी लिपुलेखचा खर्च माणशी सुमारे पावणेदोन लाख होता, नथु लाचा पावणेतीनच्या पुढे. निवड झाल्यावर तो कुमाऊं मंडल विकास निगम किंवा सिक्कीमच्या पर्यटन महामंडळाकडे भरायचा असतो. मध्ये कोणी एजंट नसतो.

आमच्यातच एक उघड खूण होती आणि ती कोणालाही दिसली नाही. शेजारच्या काकांचा पासपोर्ट पोर्तुगालचा आहे. आपल्याकडे गोव्यात घरटी एखादा असतोच, त्यामुळे आम्हाला त्यात वेगळं काही वाटलं नाही. पण सरकारी यात्रा फक्त भारतीय नागरिकांसाठी असते. परदेशी पासपोर्टवाल्याला अर्जसुद्धा करता येत नाही, त्याच्याकडे ओसीआय, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणारं कार्ड असलं तरी. त्या माणसाने तो पासपोर्ट उलटून पाहिला आणि बाकीच्या पाचांबरोबर पिशवीत घातला. ज्याने ही यात्रा एकदा जरी केली असती, तो तिथेच थांबला असता.

दुसरी खूण वजनाची. सरकारी यात्रेला बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २५ किंवा त्याहून कमी लागतो. दिल्लीत दोन-तीन दिवस तपासण्या होतात, वर उंचीवर आयटीबीपीचे, म्हणजे भारत-तिबेट सीमा पोलिसांचे डॉक्टर पुन्हा तपासतात आणि तिथूनही माणसाला परत पाठवतात. आमच्या नणंदेचा आकडा २९. त्याने कोणाचं वजन विचारलं नाही. दीड हजार रुपयांत एका कागदावर सहा जणांचं 'फिट' लिहून आणून दिलं.

२१ मेच्या सोडतीनंतर यादीत आमची नावं नव्हती. तो शांतपणे म्हणाला, "बरंच झालं. नेपाळमधून नेतो, दिवस कमी लागतील." फरकाचे पंचाहत्तर हजार. शिवाय टीसीएस, म्हणजे परदेशी सहल विकणाऱ्याने गिऱ्हाइकाकडून गोळा करायचा कर, म्हणून दोन लाखांचे पाच टक्के, दहा हजार. हे ऐकून माझा विश्वास उलट वाढला. कर मागणारा माणूस कायद्याने चालणारा, असं मी धरून चालले. टीसीएस खरोखरच द्यावा लागतो. पण तो गोळा करणाऱ्याने सरकारात भरला, की आपल्या पॅनवर २६एएस या आयकर खात्याच्या नोंदपत्रकात दिसतो. आमच्यापैकी कोणाच्याही खात्यावर एक रुपया दिसत नाही.

निघायची तारीख २० जुलै ठरली. आम्ही गरम कपडे, बूट, सगळं घेतलं. ८ जुलैला आमच्या वाटेवरचा, रसुवागढीचा नेपाळ-चीन मैत्री पूल पुरात वाहून गेला. ही बातमी त्यानेच आम्हाला पाठवली, व्हिडिओसकट. आम्ही हळहळलो, त्याचीच समजूत काढली. नेपाळमधून जायचा तो एकच रस्ता नाही, नेपाळगंजहून सिमिकोट आणि हिल्सा असाही आहे, हे मला नंतर कळलं. ऑगस्टच्या सुरुवातीला तो घरी येऊन म्हणाला, पैसे माझ्याकडे सुरक्षित आहेत, देवानेच थांबवलंय, कारण २०२६ अश्ववर्ष. तिबेटी पंचांगात बारा वर्षांनी ते येतं, मागचं २०१४ ला होतं. हेही खरंच आहे. आमच्यातले चौघे तर आनंदले.

मी मात्र काहीतरी कागद दाखवा म्हणून धोसरा लावला. तेव्हा त्याने व्हॉट्सॲपवर 'तिबेट परमिट'चा फोटो पाठवला, चिनी लिपीतला, लाल शिक्का मारलेला. तो मी प्रिंट काढून देव्हाऱ्यात ठेवला होता.

चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, माझा भाचा पुण्याहून आला. गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधून झाली होती, दुपारची जेवणं आटोपली होती. मी कौतुकाने तो कागद त्याच्या हातात दिला. त्याने मोबाइलचा कॅमेरा त्यावर धरला आणि भाषांतर वाचलं. दोनदा वाचलं. मग हळूच म्हणाला, "मावशी, ही मालवाहतुकीची पावती आहे. पेट्यांची संख्या आणि वजन लिहिलंय." तिबेटच्या खऱ्या परवान्यावर गटातल्या प्रत्येकाचं नाव आणि पासपोर्ट क्रमांक असतो. आमच्या कागदावर आमच्यापैकी कोणाचंच नाव नव्हतं. भावजी समोरच बसले होते. ते काही बोलले नाहीत. उठून आत गेले आणि आरतीपर्यंत बाहेर आले नाहीत.

त्याच रात्री भाच्याने पावत्या काढायला लावल्या. पावतीवर पणजीचा पत्ता, खाली प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आणि जीएसटी क्रमांक. त्याने मला तो क्रमांक वाचायला शिकवला, तसा तुम्हीही शिका, दोन मिनिटांचं काम आहे. क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे, गोव्याचे ३०. आमच्या पावतीवर २७ होते, ते महाराष्ट्राचे. पुढची दहा अक्षरं म्हणजे मालकाचा पॅन. पॅनचं चौथं अक्षर कंपनी असेल तर 'सी', एकट्या व्यक्तीचं असेल तर 'पी'. आमच्यावर 'पी'. जीएसटीच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकला तर तो कुठल्यातरी हार्डवेअरच्या दुकानाचा निघाला. हे सगळं मार्चमध्ये, पंचवीस हजार द्यायच्या आधी, आमच्या ओसरीवर बसून बघता आलं असतं. पैसे तर कंपनीच्या नव्हेच, एका बाईच्या बचत खात्यात गेले होते. बँकेच्या पर्चीवर ते नाव मी स्वतः लिहिलं होतं.

पैशांपेक्षा धास्ती पासपोर्टची होती. आम्ही ते मागितल्यावर त्याचा सूर पहिल्यांदा बदलला. "व्हिसा प्रोसेसमधून काढायला माणशी अठरा हजार लागतील. नाहीतर तिकडेच राहतील." काकांना इंग्लंडमध्ये मुलाकडे जायचं होतं, सुनेचं बाळंतपण जवळ आलं होतं. त्यांनी आणि आमच्या नणंदेने ते अठरा हजारही दिले. सगळे मिळून बारा लाख शहाण्णव हजार. तरी पासपोर्ट आले नाहीत.

मी सप्टेंबरच्या मध्यावर पोलिसांत गेले. भजनी मंडळातले काही जण म्हणत होते, गावातली गोष्ट गावात मिटवू. हे मी ऐकलं असतं तर आज पासपोर्टही नसते. पासपोर्ट कायद्यानुसार आपल्या पासपोर्टची मालकी केंद्र सरकारची असते, एजंटाला तो अडकवून ठेवायचा कोणताही हक्क नाही. तक्रारीत हे वाक्य पहिल्या परिच्छेदात घातलं. पोलिसांनी त्याला फोन केल्यापासून पाचव्या दिवशी कुरियरने पाच पासपोर्ट आले. व्हिसासाठी ते कुठे गेल्याची एकाही पानावर खूण नव्हती. सहावा नणंदेचा. तो हरवल्याची नोंद करून नवा काढावा लागला.

गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या फसवणुकीच्या कलम ३१८ आणि विश्वासघाताच्या ३१६ खाली नोंद आहे. ऑनलाइन आर्थिक फसवणुकीची तक्रार घेणाऱ्या १९३० या सरकारी क्रमांकावर मी फोन केला, पण आमचे पैसे जाऊन महिने झाले होते. समोरच्या खात्यात काही उरलं नव्हतं. पैसे गेल्यावर काही तासांत त्या क्रमांकावर कळवलं तर ते अडवता येण्याची शक्यता असते. म्हणून कोणी शंका बोलून दाखवली की घरात चर्चा करत बसू नका, आधी १९३० लावा.

फोंड्याच्या माझ्या मैत्रिणीला मी एवढंच सांगितलं: मूळ पासपोर्ट देऊ नकोस, सरकारी यात्रेचा अर्ज स्वतः कर, आणि नेपाळमार्गे जायचं तर नेणाऱ्याकडून जीएसटी क्रमांक, कंपनीचं खातं आणि आधी जाऊन आलेल्या तीन जणांचे फोन माग. ती जरा रागावलीच. एजंट तिच्या चुलत दिराच्या ओळखीचा आहे.

जिल्हा ग्राहक आयोगाकडेही आम्ही सहा जणांनी तक्रार केली आहे. आपण राहतो त्या जिल्ह्यात ती करता येते, दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. ज्यांचे पंचवीस हजारच गेले आणि लाजेने गप्प आहेत, त्यांनीही करावी. तक्रारी वाढल्या तर तपासाला बळ येईल.

तक्रारीचा मसुदा मी घरी मोठ्याने वाचून दाखवला. सरकारी यात्रेला वयाची अट सत्तरची आहे, आणि ते वय त्या वर्षीच्या १ जानेवारीला मोजतात. भावजींनी गेल्या जूनमध्ये सत्तरी ओलांडली. म्हणजे २०२५ हे त्यांचं शेवटचं वर्ष होतं आणि त्या वर्षी त्या माणसाच्या सांगण्यावरून त्यांनी अर्जच केला नाही. सही करायच्या आधी त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "यात एक वाक्य वाढव. सोडतीत माझं नाव निघालं नसतं तरी चाललं असतं. पण त्याने मला चिठ्ठीच टाकू दिली नाही."

ते वाक्य मी जसंच्या तसं लिहिलं.